ए१ प्रिंटमध्ये स्केल कमी येतंय, मदत हवी आहे

ऑटोकॅड एलटी या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधल्या लेआउटमधून (प्रिंटसाठी मांडलेलं पान) ए१ पीडीएफ काढतोय, व्ह्यूपोर्ट (त्या पानावर ड्रॉइंग दाखवणारी चौकट) १:१०० ला लॉक आहे, प्लॉट स्केल १:१, पीडीएफची साइज ८४१ बाय ५९४ मिमी बरोबर दाखवते, पण नौपाड्यातल्या दुकानातून प्रिंट आली की १० मीटरची भिंत १०० मिमीऐवजी ९७ मिमी भरते. दोनदा वाया गेली. ॲक्च्युअल साइज सांगून बघितलं, तरी तेच. रोल २४ इंची म्हणजे ६१० मिमीचा आहे, त्यामुळे कागद कमी पडायचं कारण नाही. ऑफिसात प्लॉटर (मोठ्या कागदाचा प्रिंटर) नाही आणि साइटवर लोक पट्टी लावूनच माप घेतात, म्हणून स्केल चुकून चालणारच नाही. सोमवारी द्यायचंय. पेपर फुल ब्लीड ए१ (कडेला मार्जिन न सोडणारा) घेऊ का, की दुकानातल्या ड्रायव्हरमध्ये मार्जिनचं काही सेटिंग बदलायला लागतं, आणि ऑपरेटरला नेमकं काय सांगू?