कंबर मशीनने बरी झाली की बंदीने?

हर्णैकर:
काका तांडेल आहेत, म्हणजे मासेमारी बोटीचे कप्तान, वय ५४. मे महिन्यात बर्फाचा टप उचलताना कंबरेत चमक भरली आणि कळ थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरली. एमआरआयमध्ये कंबरेच्या एल४-एल५ या मणक्यांमधली गादी सरकलेली. हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हिंडतं-फिरतं राहा आणि सहा आठवडे वाट बघा म्हणाले. पण तोवर कुणीतरी मोबाइलवर ‘ऑपरेशनशिवाय मणक्याचा गॅप बरा’ची जाहिरात पाठवलेली. चिपळूणला कंबर ताणणाऱ्या मशीनवर २० बैठका, ४० हजार, सगळे आगाऊ. जूनमध्ये सुरू झालं. जुलै संपता संपता काका सरळ चालायला लागले आणि आख्ख्या पाखाडीत मशीनचा जयजयकार.

आता माझं म्हणणं. पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. या दोन महिन्यांत काकांनी ना टप उचलला, ना दोर ओढला. कंबर बंदीने बरी केली, बिल मशीनने लावलं.

मशीन मी जवळून पाहिलं आहे. दोन भागांचं टेबल, एक पट्टा बरगड्यांखाली, दुसरा कंबरेला. मोटर खालचा भाग ओढते, थोडं धरून ठेवते, सैल सोडते, परत ओढते. म्हणजे आपल्याकडे दवाखान्यात ‘वजनं लावतात’ तेच ट्रॅक्शन, फक्त पडदा कॉम्प्युटरचा. ट्रॅक्शनवरच्या ३२ चाचण्या आणि २,७६२ रुग्ण तपासून कोक्रेन या संशोधनांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये सांगितलं की दुखणं किंवा कामावर परतणं यांत फरक जवळजवळ नाही. ब्रिटनमध्ये डॉक्टरांना उपचारांचे नियम घालून देणाऱ्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीला ट्रॅक्शन देऊच नका असं लिहिलं. मग ४० हजार कशाचे?

फिजिओ_गुहागर:
मी हेच काम करते, म्हणून राहवत नाही. एक तर त्या ३२ चाचण्यांत पलंगाला वजन टांगण्यापासून मोटरपर्यंत सगळं एकाच टोपलीत आहे, आणि पायात कळ असलेले-नसलेले रुग्णही मिसळलेले. दुसरं, १९९४ मध्ये रामोस आणि मार्टिन यांनी अशा टेबलावर असतानाच गादीतला दाब मोजला होता. तो शून्याच्या खाली गेला. म्हणजे ओढ गादीपर्यंत पोचते.

आणि बंदीत तांडेल आराम करतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? सकाळपासून मांडी घालून, पुढे वाकून जाळी शिवत असतो. स्वीडनच्या नाखेमसन यांनी १९६० च्या दशकातच मोजून दाखवलं की उभं राहण्यापेक्षा बसल्यावर गादीवर दाब जास्त, वाकून बसल्यावर आणखी जास्त. तुमची बंदी कंबरेला सुट्टी नाही देत.

हर्णैकर:
जाळ्यांचा मुद्दा खरा, माझ्या डोक्यात आला नव्हता. पण १९९४ चे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शिवाय दाब उतरला म्हणजे दुखणं उतरलं असं नाही, माणूस टेबलावरून उठला की दाब परत जागेवर. आणि चाचण्या मिसळलेल्या असतील तर वेगळी, चांगली चाचणी करून दाखवायची जबाबदारी मशीन विकणाऱ्यांची ना? बाहेर आलेल्या गादीचा तुकडा बऱ्याचदा शरीर आपोआप शोषून घेतं. बाहेर जितका जास्त आलेला, तितकी ही शक्यता जास्त.

बरं, हर्णै ते चिपळूण खड्ड्यांतून २० फेऱ्या. जातानाच गादी दाबत न्यायची, तिथे ताणायची, येताना परत दाबायची!

तांडेलाचा_पोर:
दादा, चाचण्या ठेवा बाजूला. रात्री तीनला माणूस कुशीवर वळताना ओरडतो तेव्हा ‘सहा आठवडे थांबा’ हे त्याला तुम्ही सांगा. १ ऑगस्टला बोट सुटली नाही तर खलाशी दुसऱ्या बोटीवर जातात, त्यांना दिलेली उचल बुडते. आमच्या घरात ४० हजार त्याच्यापुढे थोडेच. ऑपरेशन म्हणजे मुंबई नाहीतर कोल्हापूर, सोबत एक माणूस, वर भीती. गुण मशीनने आला की मनाने, मला घेणं नाही.

हर्णैकर:
तुझं दुखणं कळतं रे. पण म्हणूनच आगाऊ पैसे घेणं मला खुपतं. दहाव्या बैठकीनंतर काकांना शंका आली, तर पैसे परत मिळत नाहीत असं उत्तर.

फिजिओ_गुहागर:
यात मी तुमच्या बाजूने. सहा बैठकांत पायाची कळ ओसरून वर कंबरेकडे सरकली नाही, तर मी स्वतःच थांबवते. टेबल हे व्यायाम सुरू करता यावा म्हणून, व्यायामाच्या बदली नाही.

आगरातली_काकू:
तुमच्या वादात एक राहिलं. माझ्या सासूबाई ६८ च्या, हाडं ठिसूळ. एका ठिकाणी त्यांना काहीही न विचारता टेबलावर घेत होते! मी फाइल पुढे केली तेव्हा थांबले. ठिसूळ हाडं, मणक्याचं फ्रॅक्चर, गरोदरपण, मणक्यात बसवलेले स्क्रू, पोटातल्या महाधमनीला फुगा, यातलं काही असेल तर त्या पट्ट्यांच्या वाटेला जाऊ नये. आणि लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेना, तर मशीन नको, मालिश नको, सकाळ होण्याचीही वाट नको. त्याच रात्री मोठं हॉस्पिटल.

मालवणी_गजाली:
भांडतास कित्याक? माझ्या एमआरआयात तीन गाद्ये सरकलेले आसत आणि माका कायएक दुखणा नाय!

फिजिओ_गुहागर:
हसू नका, खरं आहे. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांतही सुमारे ३० टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या दिसतात, ऐंशीत ८४ टक्के. नुसता रिपोर्ट बघून टेबलावर चढू नका. हर्णैकर, काका व्यायाम करतायत ना?

हर्णैकर:
आज मुद्दाम विचारलं. व्यायामाचा कागद भिंतीवर आहे, कॅलेंडरच्या मागे. मशीनबद्दल म्हणाले, “तिथे अर्धा तास शांत झोप लागायची. घरी कोण झोपू देतो?” परवा कंबरपट्टा बांधून बोटीवर गेले. टप पोरांना उचलायला लावतो म्हणाले आहेत. बघू.