राजदूत ३५०: पुढचा ड्रम काढून डिस्क बसवावा का?

घाटवाट:
माझ्या जुन्या राजदूत ३५० मोटारसायकलचे इंजिन आता बांधून झाले आहे आणि प्रश्न पुढच्या ब्रेकचा आहे: मूळचा ड्रम (चाकाच्या मधल्या डब्याला आतून शू दाबणारा) ठेवावा, की डिस्क (चाकासोबत फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी पकडणारा) बसवावा. माझे मत डिस्कच्या बाजूने आहे. यामाहाने १९७३ साली आणलेल्या आरडी ३५० ला पुढे डिस्कच होता. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून तीच गाडी राजदूत ३५० म्हणून भारतात बनवली, तेव्हा दोन्ही चाकांना ड्रम दिले. त्यामुळे डिस्क बसवण्याला मी मोडतोड म्हणत नाही. शिवाय टू-स्ट्रोक इंजिन थ्रॉटल सोडल्यावर गाडीला फारसे अडवत नाही आणि ताम्हिणी घाटाच्या उतारावर सगळा भार ब्रेकवरच पडतो. गेल्या ऑक्टोबरात तिथे उतरताना लिव्हर प्रत्येक वळणागणिक हँडलच्या जवळ येत गेली आणि शेवटी लायनरचा, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या अस्तराचा, जळका वास सुटला. मी गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबलो.

जुनी चावी:
आपल्या अनुभवाबद्दल वाईट वाटले, पण निष्कर्ष मला मान्य नाही. जपानी आरडी ३९ अश्वशक्तीची होती. राजदूतची आधीची ‘हाय टॉर्क’ आवृत्ती ३०.५ आणि नंतरची ‘लो टॉर्क’ २७ अश्वशक्तीची. यामाहाचा आराखडाच प्रमाण मानायचा, तर मग इंजिनाचे पोर्ट (वायू आत-बाहेर जाण्याची छिद्रे) आणि सायलेन्सरही बदलावे लागतील, आणि राजदूत म्हणून जी गाडी आपल्या रस्त्यांवर धावली ती शिल्लकच राहणार नाही. पुढच्या ड्रममध्ये दोन्ही शू लीडिंग, म्हणजे फिरत्या ड्रमच्या ओढीने आणखी घट्ट दाबले जाणारे, आहेत आणि त्यांना ढकलणारे दोन कॅम बाहेरून एका लिंक रॉडने जोडलेले असतात. पुष्कळ मेकॅनिक फक्त केबल ताणतात. रॉडची लांबी चुकलेली असेल तर एकच शू घासतो, तापतो, आणि तापून फुगलेला ड्रम शूपासून दूर गेल्याने लिव्हर आत येते. रॉड सोडवून दोन्ही शू एकाच क्षणी टेकतील असा बसवला आहे का, हे आधी पाहावे. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार व्हिंटेज नोंदणीसाठी ५० वर्षे पूर्ण झालेली गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, म्हणजे आपल्या गाड्यांपैकी पहिल्यांची पाळी २०३३ मध्ये येईल.

उतारकर:
२०३३ च्या नोंदणीसाठी आज घाटात जीव धोक्यात घालणे मला पटत नाही. मात्र जुन्या फोर्कवर (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांवर) कॅलिपरसाठी, म्हणजे डिस्क पकडणाऱ्या भागासाठी, पट्टी वेल्ड करणे जोखमीचे आहे. डिस्कसाठीच बनलेला पूर्ण फोर्क चाकासह बसवावा आणि मूळचा संच तेल लावून, गुंडाळून जपावा. हवे तेव्हा गाडी पूर्ववत होते.

जुनी चावी:
पूर्ववत होते, पण तो संच गाडीसोबत राहिला तरच. गाडीने एकदा हात बदलला की असे जपून ठेवलेले भाग वेगळे विकले गेलेले मी पाहिले आहेत. दुसऱ्या गाडीच्या फोर्कची उंची जराशी जरी वेगळी असली, तरी हँडलचे वळणे बदलते, आणि वरच्या आरपीएमला इंजिनाने एकदम जोर धरला की पुढचे चाक हलके होणारी ही गाडी तो फरक खपवून घेत नाही.

घाटवाट:
लिंक रॉड आज खोलून पाहिला. त्याच ड्रममधल्या मागच्या शूचा लायनर जवळजवळ नव्यासारखा आहे आणि पुढच्या शूचा काचेसारखा गुळगुळीत झाला आहे, म्हणजे जुनी चावी, आपले निदान बरोबर होते. दोन्ही शूंना नवे लायनर लावून, ड्रम लेथवर आतून एकसारखा गोल करून त्याच उतारावर पुन्हा जाईन. लिव्हर पुन्हा आत आली, तर मात्र उतारकर म्हणतात तसा फोर्क बसवीन आणि मूळचा संच गाडीच्या कागदपत्रांत नोंदवून ठेवीन.