उन्हाळ्यात खजूर-सुंठेच्या लाडवांना तेल सुटतं, प्रमाण कुठे चुकतंय?

तापीकाठ (भुसावळ) विचारतात:

ओव्हन नाही, पाक नाही, साखर नाही, असे मसाल्याचे छोटे लाडू करायचे आहेत. सकाळी मैदानावर जाणाऱ्या मुलांच्या डब्यात टाकता येतील आणि दुपारपर्यंत टिकतील असे. सध्याचं प्रमाण: बिया काढलेला खजूर २०० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे २०० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचा कीस ५० ग्रॅम, तूप ५० ग्रॅम, सुंठ २ चमचे, दालचिनी पूड १ चमचा. सगळं एकत्र मिक्सरला फिरवून वळायचं.

अडचणी तीन. डब्याच्या तळाशी तेल जमतं. लाडू हातात घेतला की चिरतो. आणि चव कडवट लागते, घशाला टोचते. खजूर वाढवून पाहिला तर लाडू नुसते चिकट झाले. चूक प्रमाणात आहे की पद्धतीत?

---

डाळ्या-फुटाणे (जळगाव):

दोन्हींत आहे. आधी प्रमाणाचा हिशेब मांडू. शेंगदाण्यात साधारण निम्मं तेल असतं, तिळातही तेवढंच, सुक्या खोबऱ्यात ६० टक्क्यांच्या वर. म्हणजे दाण्यांतून ९८ ग्रॅम, तिळातून २५, खोबऱ्यातून ३२, वर तूप ५०. साडेपाचशे ग्रॅमच्या गोळ्यात २०५ ग्रॅम स्निग्धांश, सदतीस टक्के! पुण्यात जानेवारीत हे चालून जाईल. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर असतो. खोबरेल २५ अंशांच्या आसपासच पातळ होतं, तूप पस्तिशीत विरघळतं. भुसावळच्या दुपारी डब्यातल्या लाडवाला घट्ट धरून ठेवणारं काही उरतच नाही, मग तो पाझरणारच.

उन्हाळ्यात लाडू तुपावर बांधायचा नाही. खजुराच्या चिकटपणावर बांधायचा आणि सुटणारं तेल कोरड्या पिठाला प्यायला द्यायचं. हे प्रमाण घ्या:

बिया काढलेला मऊ काळा खजूर २५० ग्रॅम
भाजून साल काढलेले शेंगदाणे १०० ग्रॅम
तीळ ४० ग्रॅम
डाळ्यांचं (भाजक्या हरभऱ्याच्या डाळीचं) पीठ ६० ग्रॅम
ज्वारीच्या लाह्यांची पूड ३० ग्रॅम
तूप २ छोटे चमचे (१० ग्रॅम)
सुंठ पूड १ सपाट छोटा चमचा
वेलची ६-७, फक्त दाणे कुटून
काळी मिरी ८-१० दाणे, भरड
जायफळ किसून चिमूटभर
मीठ पाव चमचा

यात स्निग्धांश १७ टक्क्यांच्या आसपास येतो. साधारण २५ ग्रॅमचे २० लाडू होतात, प्रत्येकी ९५ ते १०० कॅलरी, प्रथिनं अडीच ग्रॅमच्या थोडी वर.

डाळ्या आणि लाह्याच का? दोन्ही आधीच भट्टीत भाजून-फुलून आलेल्या असतात. कच्चं ज्वारीचं किंवा गव्हाचं पीठ यात टाकू नका. पुढे शिजवायचं नाहीये, कच्चेपणा जिभेला लागतो आणि कच्च्या पिठात जंतूही असू शकतात. घरात दादरचं (आपल्याकडच्या रब्बी ज्वारीचं) पीठ असेलच तर मंद आचेवर खमंग वास येऊन रंग बदलेपर्यंत भाजा, पूर्ण गार करा, मगच घ्या. लाह्या नागपंचमीच्या शिल्लक असतील तर नको, त्या सादळलेल्या असतात. ताज्या आणा.

---

खलबत्ता (धुळे):

प्रमाण पटलं. पद्धतीबद्दल लिहितो, कारण अर्धं तेल तुमचा मिक्सर काढतोय.

दाणे गरम असताना फिरवले, किंवा गार असले तरी बटण दाबून धरलं, की पेशी फुटून तेल बाहेर येतं. पीनट बटर असंच होतं. दाणे मंद आचेवर १०-१२ मिनिटं भाजा, साल काढा, परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. तीळ तडतडले की लगेच उतरवा, ३-४ मिनिटं पुरतात. मिक्सरला एक-दोन सेकंदांचे झटके द्यायचे, मध्ये भांडं हलवायचं. दाणे जाड रव्यासारखे हवेत. तीळ तर अर्धे अख्खेच ठेवा, म्हणजे दाताखाली येतात.

खजूर वेगळा फिरवायचा. प्रत्येक खजूर उघडून बघा, आत काळी भुकटी किंवा अळी असली तर तो फेकायचा. पात्याला गोळा बसू नये म्हणून दोन चमचे डाळ्यांचं पीठ आधीच घाला. खजूर कोरडा असेल तर भिजवायचा नाही. चाळणीत ४-५ मिनिटं वाफवा आणि वरचं पाणी पुसून घ्या. भिजवलेल्या खजुराचे लाडू वळायला सोपे जातात, पण उन्हाळ्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबूस वास मारतात.

आता मसाला. कडवटपणा मुख्यतः दालचिनीचा आणि सुंठेच्या मापाचा. सुकताना आल्यातला तिखट घटक बदलतो आणि सुंठ ओल्या आल्यापेक्षा जास्त झोंबते, म्हणून दोन चमचे फार होतात. शिवाय बाजारची सुंठ पूड भरड असली तर तिचे धागे घशात अडकतात. टोचतं ते बहुधा तेच. वस्त्रगाळ करून घ्या.

दालचिनी म्हणून किराण्यात मिळते ती बहुतेक जाड सालीची, कॅसिया. तिच्यात कूमारिन नावाचा वासाचा घटक जास्त असतो आणि ते रोज भरपूर पोटात गेलेलं यकृताला चांगलं नाही. घालायचीच तर वरच्या पूर्ण मापाला पाव चमचा बास. जायफळही चिमटीतच ठेवायचं. जास्त झालं की कडू लागतं आणि बाधतंही.

कोरडा मसाला पिठात टाकून ढवळू नका. तूप कोमट करून गॅस बंद करा, मग मसाला घाला, २०-३० सेकंदांनी ते तूप खजुरात मिसळा. मसाल्यांचा वास देणारे घटक स्निग्धांशात उतरतात, त्यामुळे कमी मसाल्यात चव पूर्ण येते. उकळत्या तुपात टाकलात तर करपेल आणि पुन्हा तोच कडवटपणा. आणि लगेच चाखून ‘सुंठ कमी पडली’ म्हणून वाढवू नका. रात्रभरात तिखटपणा वर येतो.

सगळं मिसळून झालं की गोळा झाकून अर्धा तास ठेवा. तुमचे लाडू चिरतात ते याच टप्प्यावर सुधारतील. डाळ्या आणि लाह्यांना खजुरातला ओलावा ओढायला वेळ लागतो. मग एक लाडू घट्ट वळून ताटात वीतभर उंचीवरून सोडा. चिरला तर अजून दोन वाफवलेले खजूर घाला. चिरला नाही पण तळहात चकाकतोय, तर एक चमचा लाह्यांची पूड.

---

तापीकाठ:

हिशेब डोळे उघडणारा आहे. पण खोबरं पूर्णच काढायचं? सुंठेला खोबऱ्याशिवाय मजा नाही.

---

डाळ्या-फुटाणे (जळगाव):

मजा नाही हे कबूल! दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत खुशाल घाला. ३० ग्रॅम खोबरं मंद भाजून, तेवढेच दाणे कमी करून. डिंकही तेव्हाच. तो तुपात तळल्याशिवाय फुलत नाही, म्हणजे पुन्हा तूप वाढलं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला दोन्ही नको. बाहेरून घोळवायला खोबऱ्याऐवजी भाजलेले तीळ किंवा राजगिऱ्याच्या लाह्या घ्या, लाडू एकमेकांना चिकटत नाहीत.

---

केळीबाग (रावेर):

आपल्याकडे केळी असताना सगळा खजूरच कशाला, म्हणून हे. ताजं केळं मात्र घालू नका, कितीही मोह झाला तरी. त्यात पाऊण भाग पाणी. लाडू काळे पडतात आणि दुसऱ्या दिवशी आंबतात.

वाळवलेलं केळं घ्या. सालीवर बारीक काळे ठिपके आलेलं पण बोटाला घट्ट लागणारं पिकलं केळं निवडा. अर्धा सेंटिमीटर जाड चकत्या करा. लिटरभर पाण्यात दोन लिंबं पिळून त्यात पाच मिनिटं बुडवा, काळेपणा कमी होतो. जाळीवर पसरा, वर मलमल, कडक ऊन, दिवसातून दोनदा उलटायचं आणि रात्री घरात. किती दिवस लागतील हे ऊन ठरवतं. चकती चामड्यासारखी वाकली, दाबल्यावर ओल लागली नाही, की झालं. कडक मोडेपर्यंत वाळवलीत तर लाडू बांधले जाणार नाहीत. सोललेल्या एक किलोचे पावणेतीनशे ते तीनशे ग्रॅम उतरतात.

२५० पैकी १२५ ग्रॅम खजुराच्या जागी हे घ्या. आधी कात्रीने बारीक कापा, कारण चिवट चकत्यांनी मिक्सर अडतो. तीन मिनिटं वाफ द्या. मसाल्यात सुंठ निम्मी करून वेलची थोडी वाढवा, केळ्याला वेलची जास्त शोभते. आणि तळलेले वेफर्स कुटून घालायची कल्पना कुणी सुचवेल, तर ते पुन्हा तेलच.

---

ताटवाटी (नंदुरबार):

चर्चेत ‘साखर नाही’ हे शब्द आलेत म्हणून थोडं आवश्यक. वरून घातलेली साखर नाही, एवढाच त्याचा अर्थ. खजुराच्या वजनात जवळपास दोन तृतीयांश साखरच असते. वरच्या मापाने एका लाडवात आठेक ग्रॅम, म्हणजे दोन छोट्या चमच्यांना थोडी कमी. वाळलेल्या केळ्यातही साखर एकवटलेली असते. गूळ घालून ‘पौष्टिक’ करण्यात अर्थ नाही, तो तर बहुतांशी साखरच. खजुराबरोबर निदान चोथा मिळतो. खेळणाऱ्या पोराला एक-दोन लाडू ठीक. घरात शुगरवाले असतील तर त्यांचा लाडू सुपारीएवढा वळा आणि दुसऱ्या कशाच्या तरी बदल्यात द्या, वरून नको.

दाणे निवडताना सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे बाजूला काढा. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, भाजल्याने पूर्ण जात नाही, ‘भाजलंय ना’ म्हणून चालवून घेऊ नका. चार वर्षांखालच्या मुलांसाठी दाणे बारीकच करा. शाळेत डबा वाटून खातात, त्यामुळे दाणे आणि तीळ कुणाला सोसत नाहीत का, तेही विचारून ठेवलेलं बरं.

मैदानावर लाडवाबरोबर पाणी किंवा पातळ ताक हवंच. पाव चमचा मिठाने घामातून गेलेलं भरून निघत नाही, ते चवीपुरतंच आहे.

---

तापीकाठ:

शेवटचं. टिकतील किती दिवस, आणि जवस घातलं तर चालेल?

---

खलबत्ता (धुळे):

जवस भाजून, गार करून २० ग्रॅमपर्यंत, तेवढे तीळ कमी करून. पण दळलेलं जवस लवकर खवट होतं, तसे लाडू आठवडाभरात संपतील इतकेच करा. बाकीचे उन्हाळ्यात स्टीलच्या कोरड्या डब्यात, घरातल्या गार कोपऱ्यात ८-१० दिवस, फ्रिजमध्ये तीन आठवडे. पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडू नका, आत दव धरतं आणि वरचे लाडू ओले होतात. डबा बाहेरच्या हवेइतका झाला की उघडा. सध्याच्या कोरड्या उन्हात ती भीती कमी. रोजच्या डब्यात मात्र मोजकेच लाडू द्या, आणि डबा दुपारभर गाडीच्या डिक्कीत राहू देऊ नका.