अमेरिकी शिक्षणावरची टीका: शब्दांची धार आणि पुराव्याची पारख

प्रश्न:
पदवीच्या वर्गाला युक्तिवादात्मक लेखन शिकवताना मी एप्रिल १९८३ मधला ‘अ नेशन ॲट रिस्क’ हा अमेरिकी सरकारच्या आयोगाचा अहवाल घेते. एखाद्या शत्रुराष्ट्राने असे सुमार शिक्षण आपल्यावर लादले असते, तर ती आपण युद्धाची कृतीच मानली असती, अशा आशयाचे विधान त्याच्या आरंभीच आहे. ते वाचल्यावर विद्यार्थी पुढचे सारे विनाशंका मान्य करतात. ही ताकद येते कुठून, आणि पुराव्याची पारख त्यांना कशी शिकवावी?

प्रतिसाद १:
तो काळ डोळ्यांसमोर आणावा लागेल. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडल्यावर वर्षभरातच अमेरिकेने शिक्षणासाठी जो कायदा केला, त्याच्या नावातच ‘राष्ट्रीय संरक्षण’ हे शब्द होते. त्यामुळे शाळा आणि संरक्षण यांची सांगड वाचकाच्या मनात आधीच घातलेली होती. अण्वस्त्रांवरून वाद पेटलेले असताना आयोगाने ‘एकतर्फी शैक्षणिक निःशस्त्रीकरण’ असा शब्दप्रयोग केला आणि हा मजकूर जनतेला उद्देशून लिहिलेल्या खुल्या पत्राच्या रूपात मांडला. तज्ज्ञांसाठी लिहिलेला अहवाल इतका वाचला गेला नसता, असे मला वाटते.

प्रतिसाद २:
पुराव्याचे म्हणाल, तर सॅट या अमेरिकेतील महाविद्यालय-प्रवेशाच्या परीक्षेचे आकडे घ्या. १९६३ ते १९८० या काळात भाषेची सरासरी ५० गुणांहून अधिक आणि गणिताची सुमारे ४० गुणांनी घसरली, असे अहवाल सांगतो. आकडे खरेच आहेत. मात्र ही परीक्षा ऐच्छिक असून पूर्वी महाविद्यालयाचा विचारही न करणाऱ्या थरांतील मुले याच काळात मोठ्या संख्येने तिला बसू लागली. घसरणीच्या पहिल्या टप्प्याचे बरेचसे कारण हेच होते, असा निष्कर्ष परीक्षा मंडळाने नेमलेल्या समितीने १९७७ मध्येच काढला होता. १९७० नंतरच्या घसरणीला मात्र तो तितकासा लागू पडत नव्हता, हेही विद्यार्थ्यांना सांगायलाच हवे, नाहीतर आपणही सोयीचा तेवढाच पुरावा वेचल्यासारखे होईल. सरासरी दिसली की ती कोणाची आहे आणि मधल्या काळात तो गट बदलला का, हे दोन प्रश्न त्यांनी विचारावेत.

प्रतिसाद ३:
या अहवालाच्या शेजारी टेक्सासमधील सॅन अँटोनियोचा रॉड्रिग्ज खटला ठेवून पाहा; शाळांचा पैसा स्थानिक मालमत्ता-करावर अवलंबून ठेवण्याच्या पद्धतीविरुद्ध पालकांनी तो लढवला होता. एजवूड हा गरीब, बहुतांशी मेक्सिकन-अमेरिकी वस्तीचा शाळा-जिल्हा, म्हणजे आपल्या भागातील सरकारी शाळा चालवणारा स्थानिक विभाग. तिथे १०० डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर भरूनही १९६७-६८ मध्ये स्थानिक करातून दर विद्यार्थ्यामागे २६ डॉलर जमत, तर अलामो हाइट्स या सधन जिल्ह्यात ०.८५ डॉलरच्या दराने ३३३ डॉलर जमत. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल एजवूडच्या पालकांच्या विरोधात दिला, तरी या चार आकड्यांइतकी प्रभावी टीका मला क्वचितच आढळली आहे. इथे एकही भडक विशेषण नाही, आणि दोष कुठे आहे हे वाचकाला थेट दिसते: अधिक दराने कर भरणाऱ्यांच्याच मुलांना कमी मिळत होते. १९८३ च्या अहवालाने सगळ्या राष्ट्राला एकच धोका दाखवला. त्यातून कोणत्या जिल्ह्यात काय दुरुस्त करायचे, हे कळत नाही. माझ्या मते, विद्यार्थ्यांना आधी एजवूडचे आकडे देऊन त्यांवर एक परिच्छेद लिहायला सांगावे आणि अहवाल त्यानंतरच वाचायला द्यावा.