पावसाळ्यात फिरायला लोणावळा कशाला? आधी आपला सातपुडा पाहा

गिरणाकाठ
श्रावण लागला की आपल्याकडच्या पोरांच्या गाड्या लोणावळा, माळशेज, भंडारदऱ्याकडे सुटतात. जळगावहून रात्रभर गाडी हाणायची आणि सकाळी घाटात गाड्यांच्या रांगेत उभं राहायचं. हे मला पटत नाही. खान्देशी माणसाने पावसाळ्यात आधी सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर पाहावेत, मग बाकीचं जग.

कोकणात पावसाचं कौतुक नाही, तो तिथे घरचाच. आपल्या वाट्याला सह्याद्रीने अडवून उरलेला पाऊस येतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत करपलेले डोंगर जुलैच्या शेवटी ओळखू येत नाहीत आणि दिवाळीपर्यंत पुन्हा पिवळे पडायला लागतात. मधले दिवस जो पाहील त्याचे.

शहाद्याहून तोरणमाळला जाताना सातपायरी घाटात ढग रस्त्यावर उतरतात. वर हजार मीटरच्या पुढे उंचीवर यशवंत तलाव, पलीकडे सीताखाईची दरी. सागाला मोहर येतो तो याच दिवसांत. पांढरट, बारीक फुलांचे तुरे. सर येऊन गेली की ती फुलं ओल्या डांबरावर पसरलेली असतात आणि कडेला पावरा आदिवासी बाया कर्टुल्यांचे वाटे लावून बसलेल्या असतात. आपल्यातल्या किती जणांनी हे पाहिलंय? अजिंठ्याचंच घ्या. लेण्यांच्या टोकाला कुंडांतून कोसळते ती वाघूर. तिच्याच धरणाचं पाणी जळगावकर रोज पितात, पण पावसाळ्यात ती नदी उगमाकडे कशी दिसते ते बघायला जात नाहीत.

तुमचं मत सांगा. विरोधी असेल तरी सांगा.

कपाशीवाला, चोपडा
भाऊ, तुन्हं म्हननं खरं शे, पन आम्हना वावरमा येवढा चिखल शे की फिरानं नाव काढाले येळ नही.

आता नीट लिहितो. आमच्याकडे पाऊस बघायचा म्हणजे वाफसा, म्हणजे वावरात काम करता येईल इतकीच ओल, कधी येतो ते बघायचं. झड लागली की निंदणी अडते, कपाशी पिवळी पडते, तणाला जोर येतो. उलट शिंदखेड्याकडच्या माणसाला विचारा, तो आभाळाकडे बघत दुबार पेरणीचा हिशेब करत असतो. फिरायला जाणाऱ्यांवर माझा राग नाही. पण 'सगळ्यांनी फिरावं' हे ज्याचा पगार महिन्याला खात्यात पडतो त्याचं बोलणं आहे. आमचं फिरणं पोळ्यानंतर, तेही पीक उभं राहिलं तर.

चाळीसगावची लेक
सातपुड्याच्या नादात आमच्या चाळीसगावजवळची पाटणादेवी विसरू नका. ती ज्यात आहे ते गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ चं, अडीचशे चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं. केदारकुंड, धवलतीर्थ हे धबधबे जुलैपासून चालू होतात. पाटणादेवीचा शिलालेख तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, असं त्यात कोरलंय. पावसाने धुतलेल्या दगडी मंदिरापुढे उभं राहून हे आठवलं की अंगावर काटा येतो.

पण गिरणाकाठ दादा, तुम्ही जीवाच्या धोक्याबद्दल एक शब्द लिहिला नाहीत याचं मला वाईट वाटलं. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस एका रात्री कन्नड घाटात दरडी कोसळल्या, गाड्या अडकल्या, एक जीव गेला. त्याच रात्री तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी आमच्या गावात शिरलं, दावणीला बांधलेली जनावरं गेली. आम्ही ती सकाळ पाहिली आहे. पुढच्या पावसाळ्यात त्याच घाटात लोक दरडीखाली गाडी लावून फोटो काढत होते. फिरा, पण त्या घाटात थांबू नका, एवढं तरी वरच्या पोस्टमध्ये जोडा.

यावलचा वाटसरू
ताईंना जोडून सांगतो. आमच्याकडे सातपुड्यात मनुदेवीच्या मंदिराला येणाऱ्यांनी नाल्याचं लक्षात ठेवा. खाली ऊन असतं, आणि वर डोंगरात तासभर आधी पाऊस झालेला असतो. स्वच्छ पाणी गढूळ झालं, काडीकचरा वाहून यायला लागला, की लगेच काठावर यायचं. सामान आवरत बसायचं नाही. एवढं सोडलं तर मी गिरणाकाठ भाऊंच्या बाजूने आहे. आपला डोंगर आपण नाही पाहिला तर तो राखावा असं तरी कुणाला वाटेल?

धडगावकर
मी याच सातपुड्यात शिक्षक आहे. मला हा सगळा धागा वाचून त्रास झाला.

तुम्हाला ज्या ओढ्यावरून वाहणारं पाणी सुंदर दिसतं त्याच्या पलीकडे पाडा असतो. पावसाळ्यात तिथून बाळंतीण बाई बांबूच्या झोळीत खाली आणतात. पुढे-मागे दोघं, झोळीवर प्लास्टिकचा कागद, पाय घसरू नये म्हणून चपला हातात. ओढा भरला की झोळी त्याच काठावर थांबते, पाणी उतरेपर्यंत. नर्मदेकाठच्या कित्येक गावांना तर रस्ताच नाही, बोट आली तर आली. आणि डांबरी रस्ता सुरू होतो तिथे रविवारी वळणावळणावर गाड्या आडव्या लावलेल्या असतात. मागून रुग्णवाहिका भोंगा वाजवत असते आणि पुढे रील चालू असते. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय हे.

उतारावर मका-ज्वारी पेरलेली असते, तीही लोकांना 'हिरवळ' वाटते. त्यात उतरून फोटो काढतात. ते कुणाचं वर्षभराचं धान्य आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, सातपुड्याची अशी जाहिरात करू नका. लोणावळ्याचं जे झालं ते इथे व्हायला दोन पावसाळे पुरतील.

गिरणाकाठ
सर, झोळीचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. गाड्या आडव्या लावणाऱ्यांच्या बाजूने मी कधीच बोलणार नाही. चाळीसगावच्या ताईंचं घाटात न थांबण्याचंही माझ्यातर्फे पक्कं धरा.

पण 'कुणाला सांगूच नका' हे मला मान्य नाही. जळगाव-धुळ्याच्या माणसाने तो पाडा कधी पाहिलाच नाही तर त्या झोळीबद्दल तो कधी बोलणार? गर्दी आली तर रस्त्याची ओरड तरी होईल. आज तीही होत नाही.

धडगावकर
भाऊ, पर्यटकांच्या नावाने रस्ता झाला तर तो धबधब्यापर्यंत होतो. पाड्यापर्यंत होत नाही. इतकी वर्षं हेच बघतोय.

साक्रीकर
दोघांनी बारीपाड्याकडे बघावं, आमच्याच तालुक्यात आहे. उजाड झालेलं जंगल गावाने स्वतः नियम करून राखलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, राखण गावाचीच. त्या कामासाठी चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे वनभाज्यांची पाककृती स्पर्धा भरते. गावातल्या बाया जंगलातल्या भाज्या रांधून मांडतात, कुठली कशी खुडायची, कुठली दोनदा उकळून पाणी टाकून द्यायची, ते सांगतात. बाहेरचे लोक येतात, जेवतात, विचारतात, जातात. तिथे पाहुणा गावाच्या नियमाने वागतो. माझ्या मते प्रश्न जायचं की नाही हा नाहीच, नियम कुणाचा चालतो हा आहे. ग्रामसभेने ठरवावं किती गाड्या, कुठपर्यंत, किती पैसे. ते पैसे गावाकडेच राहावेत.

धडगावकर
साक्रीकर, बारीपाड्यामागे तीस वर्षांची मेहनत आहे. आमच्याकडे रील दोन दिवसांत पोचते. ग्रामसभेचं मला पटतं, पण तोवर ठिकाणांची नावं आणि नकाशे टाकणं थांबवा.

चाळीसगावची लेक
नावं लपवून काही होणार नाही सर, तोरणमाळ सगळ्यांना माहीत आहे. सातपायरी घाटात रविवारी गाड्या खालीच अडवून वर एसटी सोडली तर? रुग्णवाहिकेला रस्ता मोकळा राहील.

कपाशीवाला, चोपडा
एसटीचं ताईंचं बरोबर वाटतं. आणखी एक, श्रावणातल्या कानबाईच्या सणाचे रोट झाले की सुरत-पुण्याची सगळी मंडळी गावात असते, त्याच आठवड्यात डोंगरात सगळ्यात जास्त गाड्या चढतात. निदान त्या दिवसांपुरती ही सोय या वर्षी करून घ्या. अर्ज मराठीत लिहून इथे टाका कुणीतरी, सही माझी पहिली.