बेळगावात मिनिएचर वॉरगेमिंग : मॉडेल कुठून घ्यावीत, खेळावं कुठे? (बजेट ४००० रु.)

माळ्यावरचा_मामा
नमस्कार मंडळी. टिळकवाडीत राहतो. तेरा वर्षांचा भाचा शिकायला आमच्याकडे असतो. तो यूट्यूबवर वॉरहॅमर ४०,००० (छोटे सैनिक जोडून, रंगवून टेबलावर फाशांनी लढाई करायचा खेळ) बघून खुळा झालाय, आणि त्याच्या नादानं मीपण. मला ते रंगवायला आवडेल, त्याला खेळायला. परवा खडेबाजारात चार दुकानं फिरलो. "सैनिक पाहिजेत" म्हटल्यावर एकानं हिरव्या प्लास्टिकच्या सैनिकांची पिशवी काढली, दुसऱ्यानं रिमोटचा रणगाडा. तिसरा म्हणाला, वाढदिवसाला देणार असाल तर क्रिकेटची बॅट न्या.

बजेट ४००० रुपये, त्यात रंग, ब्रश सगळं आलं. थ्रीडी प्रिंटर नको. आईला दमा आहे, घरात वास चालत नाही. बंगळूरला जायला सवड नाही. आम्ही दोघं आणि समोरच्या घरातला एक पोरगा, एवढेच खेळाडू. आसपास कुणी खेळतं का?

फिलामेंटराव
बजेटचं सोडा हो. चार हजारांत ओरिजिनल डब्याचं झाकण येईल. कॉम्बॅट पेट्रोलचा, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या सैन्याचा, एक डबा शंभर पौंडांच्या घरात जातो, वर येण्याचा खर्च वेगळा. मी २२ हजारांना रेझिन प्रिंटर (पातळ रेझिन थराथरानं कडक करून वस्तू काढणारा थ्रीडी प्रिंटर) घेतला आणि आजवर तीनशेच्या वर फिगर काढल्या. मायमिनिफॅक्टरी, कल्ट्स ३डी असल्या साइटवर फायली मिळतात, बऱ्याच फुकट. एकदाच काय तो खर्च.

माळ्यावरचा_मामा
आईला दमा आहे असं वर लिहिलंय.

फिलामेंटराव
गॅलरीत ठेवायचा. माझा गॅलरीतच आहे. फक्त नायट्राइलचे ग्लोव्ह्ज, धुवायला आयपीए (एक प्रकारचं अल्कोहोल) आणि मग यूव्ही दिव्याखाली सुकवणं. जानेवारीत तेवढा त्रास होतो, गारठ्यानं रेझिन घट्ट होतं आणि सकाळी बघावं तर सगळी पलटण टाकीच्या तळाला चिकटलेली. मी शेजारी शंभरचा बल्ब लावून वर खोका उपडा घालतो.

कस्टमग्रस्त
परदेशातून मागवायचा विचारही करू नका. मी मागवलाय, म्हणून सांगतो. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० च्या बजेटात २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. इंग्लंडहून एक डबा मागवला तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. विकणाऱ्यानं पत्त्यात बेळगाव, महाराष्ट्र असं छापलं. पार्सल आधी कोल्हापूरकडे गेलं, तिथून परत मुंबईला, मग कुरियरवाल्याचा फोन, की कागद द्या, पॅनकार्ड द्या, हे खेळणं आहे की शोभेची वस्तू ते लिहून द्या. दोन महिने गेले. हातात आला तोवर माझा उत्साह मेला होता. तीन वर्षं झाली, डबा कपाटावर आहे. सील तसंच.

शहापूरचा_शहाणा
महाराष्ट्र लिहिलं त्यात चुकलं काय? :)

हिंडलगा_हवा
नाव २०१४ पासून बेळगावी आहे. पिन ५९० नं सुरू होतो, पार्सलला तेवढं पुरतं.

शहापूरचा_शहाणा
पिननं माणूस कुठला ते कळत नसतं.

माळ्यावरचा_मामा
इथे सीमाप्रश्न नको, हात जोडतो. मला सैनिक पाहिजेत.

शहापूरचा_शहाणा
ते तर आम्हालाही पाहिजेत.

उद्यमबाग_ओतकाम
एवढी फाउंड्र्यांची गावं आपली, आणि तुम्ही सैनिक इंग्लंडहून मागवूलेत? खरं एक सांगतो, आमच्या वाळूच्या साच्यात हे काम होत नाही. पंपाची केसिंग ओतणं वेगळं आणि अर्ध्या बोटाएवढ्या माणसाचं नाक-डोळे ओतणं वेगळं. त्याला रबराचा साचा लागतो, तो गरगर फिरवत मध्यभागातून धातू सोडतात. कथील २३२ डिग्रीला वितळतं, म्हणजे घरच्या गॅसवरसुद्धा होईल. मी केलंय. भाच्यासमोर करू नका. आणि शिसं तर अजिबात नको, स्वस्त मिळालं तरी. माझ्या हातावर अजून डाग आहे, साचा जरा ओला राहिला होता. थेंबभर पाणी, आणि धातू फटाक्यासारखा उडाला.

फिलामेंटराव
म्हणूनच प्रिंटर.

कॅम्प_सुभेदार_नि.
जय हिंद. नोकरीची सुरुवात इथे मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्येच झाली. वॉरगेम हा काही पोरांचा खेळ नाही. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून नकाशावर ठोकळे मांडून अधिकाऱ्यांना शिकवत. आमच्याकडे सँड मॉडेल असायचं. जमिनीवर वाळू पसरायची, रांगोळीनं नाला दाखवायचा, काडेपेटी म्हणजे गाव. साहेब काठीनं दाखवायचे, आम्ही उभ्यानं पाठ करायचो. त्याला चार हजार लागत नाहीत. काडेपेटी लागते.

निपाणी_नाका
मी गेली पाच वर्षं खेळतोय, दोघं-तिघंच आहोत, एक गडहिंग्लजहून येतो. मामा, तुम्ही विचारलंय ते हे :

ओरिजिनल डबा पहिल्याच दिवशी घेऊ नका. वन पेज रूल्स म्हणून सोप्या नियमांचे खेळ काढणारे आहेत, त्यांचे मूळ नियम फुकट उतरवता येतात. त्यात कुठल्याही कंपनीच्या फिगर चालतात आणि ग्रिमडार्क फ्यूचर हा त्यांचा खेळ ४०,००० च्या धाटणीचाच आहे. सुरुवातीला प्रत्येक बाजूला पाच ते दहा फिगर बास. त्यांच्या कागदी फिगरही आहेत. झेरॉक्सवाल्याकडे जाड कागदावर छापा, कापा, उभ्या करा. महिनाभर खेळून बघा भाच्याचा नाद टिकतो का. टिकला तर मग १:७२ स्केलचे ऐतिहासिक सैनिक घ्या, एअरफिक्स, झ्वेझदा, इटालेरी. एका डब्यात ४०-५० येतात. माणूस साधारण २४ मिलिमीटरचा, वॉरहॅमरवाल्यांपेक्षा जरा लहान. प्लास्टिक मऊ असतं, रंग सोलून येतो. आधी साबणाच्या पाण्यात धुवा.

आणि एक. आत्ता जुलै आहे. स्प्रेचा प्राइमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) मारू नका. आपल्याकडच्या या हवेत तो कोरडा पडेपर्यंत दमट होतो आणि फिगरवर भुरकट, खरखरीत साय धरते. माझे सहा घोडेस्वार असेच गेले, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसतात. त्याऐवजी ब्रशनं लावायचा गेसो आर्टच्या दुकानात मिळतो, त्याला फारसा वासही नाही. रंग कॅमलचे किंवा फेविक्रिलचे ॲक्रिलिक चालतात, फक्त पाणी घालून दोन पातळ हात द्या. एकच जाड हात दिला तर चेहरा लिंपला जातो.

गोवावेस_गोट्या
फेविक्विकनं चिकटवू नका. पांढरं धरतं.

निपाणी_नाका
कडक प्लास्टिकला तामियाचा सिमेंट बरा, तो प्लास्टिकच विरघळवून जोडतो. मऊला तो चालत नाही. रेझिनला मात्र फेविक्विकच लागतो.

गोवावेस_गोट्या
तेच सांगतोय, फेविक्विक नको.

रात्रगाडी
खरे खेळाडू पाहिजेत तर बंगळूर गाठा. रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडली की सकाळी तिथं. दिवसभर खेळायचं, रात्री परत. मी दर दोन महिन्यांनी जातो. गेल्या वेळी माझ्या ऑर्क (४०,००० मधले हिरवे राक्षस) सैन्यानं सगळ्यांची वाट लावली, टेबलाभोवती गर्दी जमली होती. ऑर्कांच्या गाड्या लाल रंगवल्या की पळतात जोरात, हे नियमातही होतं.

माळ्यावरचा_मामा
बंगळूर नको असंही वर लिहिलंय.

रात्रगाडी
एकदा या तर खरं. स्लीपरचं तिकीट असं किती असतं.

टीटी_काका
खेळायला जागा विचारलीय म्हणून सांगतो. टेबल टेनिसचं टेबल ९ बाय ५ फूट. अर्धं उघडलं की साडेचार फूट बाय पाच, म्हणजे ५४ बाय ६० इंच. तुमच्या त्या ४०,००० च्या दोन हजार पॉइंटांच्या, म्हणजे मोठ्या, लढाईला ४४ बाय ६० लागतं, कॉम्बॅट पेट्रोलला ४४ बाय ३०. माझा नातू खेळतो, त्यानं मोजून घेतलंय. आमच्या हॉलमध्ये दुपारी टेबल मोकळं असतं. फक्त वर रंग सांडायचा नाही आणि जाळीला डोंगर बांधायचा नाही. मागे एकानं थर्माकोलचा डोंगर सेलोटेपनं चिकटवला होता. टेबलाचा हिरवा रंग निघाला टेपबरोबर.

निपाणी_नाका
काकांनी कामाचं सांगितलं. किल टीम (४०,००० चाच थोड्या फिगरांचा छोटा खेळ) खेळणार असाल तर त्याचीही गरज नाही, तो पट ३० बाय २२ आहे. कॅरम बोर्डाची आतली बाजू २९ इंच भरते. इंचभर कमी पडतो, आम्ही तो कमीच धरतो. भोकांना "विवर" म्हणतो. फिगर पडली की गेली.

चितारआळी
सावंतवाडीहून. बेस, म्हणजे फिगरच्या पायाखालच्या चकत्या, लाकडाचे करून घ्या, आमच्याकडे कातकाम करणारे आहेत. खेळण्यातली फळं करणाऱ्यांना चकत्या काही अवघड नाहीत.

गोवावेस_गोट्या
बेसला दहाचं नाणं लावा. २७ मिलिमीटर. आपल्याकडे अर्धे दुकानदार तसंही ते घेत नाहीत, पडूनच असतं. वजनही येतं, फिगर कलंडत नाही.

हिंडलगा_हवा
नाणी घ्यायला नकार देता येत नाही. ती चलनात आहेत.

गोवावेस_गोट्या
तुम्ही जाऊन सांगा भाजीवाल्या मावशींना.

उद्यमबाग_ओतकाम
कथलाच्या फिगरला बेसचं वजनच लागत नाही.

फिलामेंटराव
बेस प्रिंट होतात. डोंगर प्रिंट होतो. विवरही होतं. मामा, गॅलरी आहे का तुमच्याकडे?

माळ्यावरचा_मामा
सगळ्यांचे आभार. तीन आठवडे झाले, काय झालं ते लिहितो.

निपाणी_नाका यांचं ऐकून कागदी फिगर छापायला गेलो होतो. झेरॉक्सवाल्याकडचा जाड कागद संपला होता, पावसानं आला नाही म्हणाला. रिकाम्या हातानं घरी आलो. भाचा माळ्यावर चढलेला. दिवाळीच्या किल्ल्याचा खोका त्यानं खाली घेतला होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेले सतरा मावळे निघाले. तिघांचे हात मोडलेले, एकाला डोकं नाही, त्याच्या मानेत उदबत्तीची काडी खोचलेली. दोन तोफा, एक वाघ, एक गवळण आणि विहिरीचा रहाट. म्हणाला, मामा, हेच घेऊ.

मी त्याला स्केल समजावत होतो. वॉरहॅमरचा माणूस इंचाच्या आसपास, हे चार इंची. मग त्यानंच हिशेब केला, सगळी अंतरं तिप्पट. सहा इंच चाल तर अठरा इंच, म्हणजे दोन विती. टेबल वगैरे काही नाही, हॉलची फरशी. चपलांचा स्टँड म्हणजे घाट, दिवाणाखाली जंगल. नियम वन पेज रूल्सचेच ठेवले, फासे ल्यूडोचे.

पहिलं भांडण वितीवरून. माझी वीत त्याच्या वितीपेक्षा मोठी, म्हणून माझे मावळे जास्त पळायला लागले. समोरचा पोरगा पंच होता, त्यानं निकाल दिला, आजीची वीत प्रमाण. दर चालीला आईला हाक. तिनं तिसऱ्या चालीनंतर आपल्या वितीएवढी सुतळी कापून दिली आणि टीव्ही लावला.

दुसरं भांडण आईनंच केलं. भाच्यानं खोक्याच्या तळातून महाराजांची मूर्ती काढून सेनापती म्हणून फरशीवर ठेवली. आई उठून आली, मूर्ती पदरानं पुसली आणि शोकेसमध्ये ठेवली. महाराजांवर कुणी फासे टाकायचे नाहीत. आता दोन्ही सैन्यं महाराजांचीच आहेत, आणि शत्रू कोण ते अजून ठरलेलं नाही. सध्या वाघ आहे.

खर्च : फासे ६०, कॅमलचे रंग आणि दोन ब्रश ३४०. मोडलेले हात एम-सीलनं जोडतोय. बिनडोक्याला डोकं करायचा प्रयत्न केला, बटाट्यासारखं झालंय.

फिलामेंटराव
डोकं मी प्रिंट करून देतो. मानेचा व्यास सांगा.

निपाणी_नाका
मामा, हे तीन महिन्यांच्या वर टिकणार नाही. माती आहे, पडली की फुटते. तेव्हा १:७२ घ्या.

कॅम्प_सुभेदार_नि.
दोन तोफा समोर उघड्यावर ठेवल्या असतील तर चूक आहे. एक मागे, उतारावर. फोटो टाका.

टीटी_काका
मग टेबल नको का?

कस्टमग्रस्त
४०० खर्च झाले म्हणजे ३६०० उरले ना? माझा डबा घ्या. सील आहे. मला त्याच्याहून बराच महाग पडलाय, पण निदान कपाटावरून उतरेल.

माळ्यावरचा_मामा
सैन्य कुठलं आहे?