पटायातील कॉन्डोमध्ये निवृत्तीची पुंजी गुंतवावी काय?

पार्लेकर :
थायलंडमधील कॉन्डोंची, म्हणजे इमारतीतील सदनिकांची विक्री-प्रदर्शने अलीकडे अंधेरीतील हॉटेलांमध्ये भरत आहेत आणि माझ्या परिचयातील दोन निवृत्त जोडपी टोकन भरण्याच्या बेतात आहेत, म्हणून हा विषय मांडतो. माझे मत असे की, स्वतः राहायचे नसेल तर पटाया या तिथल्या किनारी शहरात घर घेऊ नये.

पटायाच्या जोमतिएन आणि प्रतुम्नाक परिसरात बांधकाम व्यावसायिकांनी मुख्यतः परदेशी ग्राहकांच्या भरवशावर टॉवर उभे केले. २०१४ च्या अखेरीस रूबल कोसळला तेव्हा रशियन ग्राहक आटले, २०२० मध्ये साथीमुळे चिनी पर्यटक थांबले. घरे मात्र तिथेच राहिली. बाली हाय धक्क्याजवळची पन्नासहून अधिक मजल्यांची एक इमारत टेकडीवरील नौदलाच्या स्मारकावरून दिसणारा समुद्र झाकते, अशी तक्रार झाल्यानंतर २०१४ मध्ये तिचे काम थांबवण्यात आले आणि पुढे कित्येक वर्षे तिचा सांगाडा तसाच उभा होता.

प्रदर्शनात ‘तीन वर्षे सात टक्के हमीचे भाडे’ असे सांगतात. समजा, सदनिका ६० लाखांना घेतली. तीन वर्षांत १२ लाख ६० हजार हाती येतील. पण तशीच जुनी सदनिका त्याच गल्लीत ४८ लाखांना मिळत असेल, तर ते भाडे म्हणजे आपलेच जास्त घेतलेले पैसे आपल्याला हप्त्याने परत मिळाले, एवढाच त्याचा अर्थ होतो. शिवाय मला दाखवलेल्या करारात ही हमी विकासकाची नव्हती, तर एका वेगळ्या व्यवस्थापन कंपनीची होती.

मुलुंडकर :
पार्लेकरांशी मी सहमत नाही. जोमतिएनमध्ये माझी छोटी सदनिका आहे आणि वर्षानुवर्षांच्या भाडेकरूकडून मिळणारे भाडे देखभाल वजा जाता मुलुंडच्या भाड्यापेक्षा टक्केवारीने नक्कीच अधिक पडते. मुंबईत दोन-तीन टक्क्यांहून जास्त भाडे सुटते कुणाला? त्यातही दहा वर्षांपूर्वी एका बाटला, म्हणजे थाई चलनाला, दोन रुपयांच्या आसपास मोजावे लागत, आज अडीच रुपयांहून जास्त मोजावे लागतात. हा फायदा आपण हिशेबातच धरलेला नाही. परदेशी माणसाला तिथे जमीन घेता येत नसली तरी कॉन्डोची पूर्ण मालकी कायद्याने मिळते, आणि पागडीच्या खोलीत आयुष्य काढलेल्या कुटुंबाला त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

दादरचा सीए :
दोघांनीही कराची बाजू सोडली आहे. परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. परंतु अशा खरेदीसाठी १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. ६० लाख पाठवणाऱ्याचे १० लाख विवरणपत्र भरून परतावा मिळेपर्यंत अडकतात, आणि उत्पन्न तुटपुंजे असलेल्या निवृत्त माणसाला ते वर्षभर जाणवते. या खरेदीसाठी इथली बँक कर्जही देत नाही. विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या ‘शेड्यूल एफए’ या तक्त्यात ही सदनिका दरवर्षी दाखवावी लागते, न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्यान्वये १० लाखांचा दंड संभवतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना प्रदर्शनात यातले एक अक्षरही सांगितलेले नसते, याची मला खरोखर चीड येते.

बोरिवलीकर :
पर्यटकांना आठवड्याच्या भाड्याने देऊ, या आशेवर कुणी असेल तर त्याने एवढे ध्यानात घ्यावे की ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने सदनिका देणे तिथल्या २००४ च्या हॉटेल कायद्यात परवान्याशिवाय सहसा बसत नाही.

पार्लेकर :
मुलुंडकर, आपले भाडे खरे आहे आणि बाटचा मुद्दाही मान्य. माझा आक्षेप विक्रीच्या वेळेबद्दल आहे. इमारतीच्या एकूण विक्रीयोग्य क्षेत्रफळापैकी ४९ टक्केच परदेशी मालकीचे असू शकते, त्यामुळे दरपत्रकावर ‘फॉरेन कोटा’ आणि ‘थाई कोटा’ असे दोन रकाने असतात आणि पहिला महाग असतो. आपण महागाचा भाव मोजतो. विकताना थाई ग्राहक तो भाव देत नाही, कारण त्याला दुसऱ्या रकान्यातले घर स्वस्तात मिळते. म्हणजे ग्राहक पुन्हा परदेशीच शोधायचा, आणि त्याला समोरचा विकासक कोरी सदनिका हप्त्यांवर देत असतो. बांधकाम चालू असलेले घर घेतले तर धोका आणखी वाढतो. इथे रेरा या गृहबांधणीवरील कायद्यामुळे ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. तिथे एस्क्रोचा, म्हणजे पैसे तिऱ्हाइताकडे ठेवण्याचा, कायदा आहे, पण तो ऐच्छिक आहे.

मुलुंडकर :
बांधकाम चालू असलेले घर घेऊ नये, हे मलाही पटते. मीदेखील तयार घर पाहून, तेही पुनर्विक्रीचेच घेतले आणि पैसे परदेशातून आल्याचे बँकेचे प्रमाणपत्र जपून ठेवले, कारण पुढे विक्रीचे पैसे थायलंडबाहेर नेताना तेच कामी येते. परंतु जुने घर हेरून, इमारतीच्या समितीचा ताळेबंद वाचून, दीर्घ मुदतीचा भाडेकरू ठेवून घेतलेली सदनिका आणि प्रदर्शनातल्या टेबलावर टोकन देऊन घेतलेली सदनिका यांना आपण एकाच पारड्यात टाकता, ते मला मान्य नाही. मला ती विकायची घाई नाही, आणि भाडे येत आहे तोवर विकणारही नाही.